छातीतलं सपाट पाणी

१

छातीत पाणी झालेलं फोटोत ओळखणं तसं अवघड नसतं. फुप्फुसात हवा असते म्हणून ती काळी दिसतात, पाणी पांढरं दिसतं. बरगड्या आणि पोटावरचा पडदा जिथं मिळतात तिथं एक टोकदार काळा कोपरा असतो. फुप्फुसाभोवती पाणी साचायला लागलं की आधी तो कोपरा बुजतो, मग पांढरा रंग वर सरकतो. त्याची वरची कड मात्र सरळ नसते. ती काखेकडं चढत जाते, वाडग्यात लागलेल्या दह्याच्या कडेसारखी.

मी डॉक्टर सुलेखा वाहुळ. एक्स-रे वाचणं हेच माझं काम. पडेगाव रस्त्यावरच्या एका लहान खाजगी दवाखान्यात मी बसायचे. वर ओपीडी आणि खाली तळघरात आमचा विभाग. जिना उतरलं की अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला शिशाचा पत्रा ठोकलेलं जड दार, दाराआड एक्स-रेची खोली. दार आत उघडायचं. खोलीला खिडकी नव्हती. बोळात माझं टेबल आणि मॉनिटर होता, आणि भिंतीत जाड काच होती. तिच्यातून आतला माणूस दिसायचा.

फोटो काढायचं काम राजकुमार दाभाडे यांचं. वयानं माझ्यापेक्षा मोठे, छावणीत राहायचे, दिवसभर एकाच सुरात बोलायचे: “हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घ्या. धरा. सोडा.”

मे महिना होता. त्या दिवशी फुलंब्रीकडच्या एका वस्तीवरून अजिनाथ नावाचा माणूस आईला घेऊन आला. मंजुळाबाई नाव. शेळ्या-मेंढ्यांमागं जन्म गेलेली, बुटकी, वाळलेली, पण ताठ म्हातारी. महिनाभर खोकला होता. वर ओपीडीत बसणाऱ्या छातीच्या डॉक्टर संध्या मॅडमनी फोटो काढायला खाली पाठवलं होतं.

फोटो मॉनिटरवर आला. दोन्ही बाजूंना पाणी. छातीच्या निम्म्यापर्यंत.

पण त्याची वरची कड सपाट होती, पट्टी लावून ओढल्यासारखी. फुप्फुसाबाहेर, पाण्याच्या वर मोकळी हवा साचली तरच पाणी असं सपाट दिसतं, पेल्यातल्यासारखं. इथं तशी हवा कुठंच नव्हती. आणि उजवीकडची कड आणि डावीकडची कड अगदी एका उंचीवर होत्या.

“राजकुमार, आजींना कुशीवर झोपवून एक घ्या,” मी म्हटलं. पाणी मोकळं असेल तर ते खालच्या कुशीकडं वाहून जातं आणि वरची बाजू काळी मोकळी दिसते.

मंजुळाबाई टेबलावर आडव्या झाल्या, आणि फोटो होतो न होतो तोच धडपडत उठून बसल्या. मोठमोठ्यानं श्वास घेत होत्या. फोटो आला तो सगळाच पांढरा. काळा भाग नखाएवढासुद्धा नव्हता.

मी लिहून दिलं: दोन्ही बाजूंना भरपूर पाणी.

२

संध्या मॅडमनी मला वर बोलावून घेतलं. पेशंटसमोर त्या कधी रागावत नाहीत, म्हणून बाजूला घेऊन बोलल्या.

“सोनोग्राफीत मला काहीच दिसलं नाही, सुलेखा. तरी तुझ्या फोटोवर विश्वास ठेवून सुई घातली. एक थेंब आला नाही. त्या बाईच्या छातीत पाणी नाहीच.”

“दोन फोटो आहेत मॅडम.”

“फोटो आहेत. पाणी नाही.”

मंजुळाबाई पाठीला पट्टी लावून बाकावर बसल्या होत्या. श्वास संथ चालला होता. मी शेजारी बसले आणि विचारलं, आता कसं वाटतंय.

“हितं काय बी नाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या त्या खोलीत गेलं की दम कोंडतोय बघा. चहूकडनं दाबल्यागत.”

“मशीनची भीती वाटते का आजी?”

“भ्या कशाचं? लांडगं हाकलल्यात म्या काठीनं.” त्या हसल्या. “खोलीच वंगाळ हाय बाई ती.”

अजिनाथ ओशाळला. “म्हातारी हाय मॅडम, मनावर घिऊ नका.”

मी घेतलंही नाही. बंद खोली, एसीची थंडी, मशीनचा आवाज, पहिल्यांदाच आलेली म्हातारी. दम लागायला एवढं पुरेसं होतं. संध्या मॅडमनी खोकल्याचं औषध दिलं आणि काही दिवसांनी परत फोटो काढायला सांगितलं.

३

मग छावणीतले आप्पासाहेब आले. फौजेतून निवृत्त, दार वाकून ओलांडावं लागेल एवढे उंच. दरवर्षीची तपासणी होती. त्यांच्या फोटोत दोन्हीकडचे फक्त तळाचे कोपरे बुजलेले होते. कड सपाट.

त्यांच्यामागून नर्सिंगला प्रवेश घेणारी ज्ञानेश्वरी नावाची मुलगी. धडधाकट. तिच्या छातीत मंजुळाबाईंपेक्षा थोडं खाली पाणी. सपाट.

आता मात्र मला बरं वाटलं. तिघांना एकसारखं काही होत नसतं. म्हणजे दोष मशीनमध्ये आहे, आणि मशीनचा दोष दुरुस्त होतो. मी रिपोर्ट अडवून ठेवले, दोघांना दुसरीकडं फोटो काढायला पाठवलं आणि कंपनीचा इंजिनिअर बोलावला. तो अर्धा दिवस खटपट करत बसला. प्लास्टिकचे ठोकळे ठेवून त्यानं फोटो काढले, खोलून पुसून बघितलं.

“मशीन एकदम ओके आहे मॅडम,” तो म्हणाला. निघताना दोन-तीनदा खोकला. “आत हवा येत नाही का हो? व्हेंटिलेशन बघा जरा.”

दुसऱ्या दिवशी संस्कृती नावाची लहान मुलगी आली. चारेक वर्षांची असेल. सर्दी-खोकला होता. खोलीत पाऊल टाकलं तशी तिला उबळ लागली. डोळे बाहेर येईपर्यंत खोकत होती. राजकुमारनी कसाबसा फोटो घेतला. तिच्या आईनं घाबरून तिला उचलून कडेवर घेतलं आणि खोकला तिथंच थांबला. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती काचेतून माझ्याकडं शांत बघत राहिली.

तिचा फोटो पूर्ण पांढरा होता. फुप्फुसं नाहीतच जणू.

मी त्या मायलेकींना रिक्षानं घाटीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तासाभरानं आईचा फोन आला. तिथल्या फोटोत छाती स्वच्छ होती. मी फोन ठेवला आणि चारही फोटो मॉनिटरवर शेजारी-शेजारी लावले. उंच माणसाला तळाशी. मध्यम उंचीच्या मुलीला मध्याच्या थोडं खाली. बुटक्या म्हातारीला त्याहून वर. लेकराला डोक्यापर्यंत.

पाणी प्रत्येकात वेगळं नव्हतं. जमिनीपासून मोजलं तर ते सगळ्यांत एकाच उंचीवर होतं.

४

हे मी कोणाला सांगणार होते? संध्या मॅडम आधीच नाराज. राजकुमारना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मॅडम, घरी जा, आराम करा. मी स्वतःला तेच सांगून बघितलं.

दुपारी पेशंट नसताना मी मोजायची टेप घेऊन आत गेले. फोटोंवरून उंची काढली आणि तेवढ्यावर भिंतीला चिकटपट्टी लावली. माझ्या छातीवर आली. कोरडी भिंत, कोरडी फरशी, एसीची घरघर. यात काय आहे, असं मी मोठ्यानं म्हटलं.

टेप हातातून निसटली. उचलायला वाकले आणि माझं डोकं त्या पट्टीच्या खाली गेलं.

एसीचा आवाज गेला.

बंद पडला असता तर एकदम थांबला असता. हा तसा गेला नाही. लांब गेला. कानात दडे बसले आणि माझ्याच छातीतले ठोके मला मोठे ऐकू येऊ लागले. मी श्वास घ्यायला तोंड उघडलं. श्वास आत शिरला, पण तो हवेसारखा लागला नाही. मी सरळ उभी राहिले. घरघर परत आली.

मला ठसका लागला होता. साडी कोरडी होती. केस कोरडे होते. मी हाताचा तळवा कितीतरी वेळ बघत राहिले.

एकदम वाकलं की कधीकधी भोवळ येते, कान बंद होतात. हे कारण मी बाहेर येईपर्यंत धरून ठेवलं. पुन्हा वाकून बघायची मात्र माझी तयारी नव्हती.

५

“राजकुमार, आत कोणी नसताना एक फोटो घ्या.”

“रिकामा?”

“रिकामाच.”

त्यांनी खांदे उडवले. समोर माणूस नसेल तर फोटो एकसारखा काळा यायला हवा. तो तसा आला नाही. वर काळा, खाली पांढरा, आणि मध्ये ती रेघ. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिला आता बरगड्यांची, खांद्यांची, कशाचीच हद्द नव्हती.

आणि भिंतीवरच्या माझ्या पट्टीपेक्षा ती बरीच वर होती.

राजकुमारनी मॉनिटरवरच्या रेघेवर बोट टेकवलं. “मॅडम, ये क्या है?” ते एकदम हिंदीत म्हणाले. गोंधळले की ते हिंदीत बोलत.

“माहीत नाही. आजपासून खोली बंद. कोणालाही आत घ्यायचं नाही. मी वर सांगून येते.”

वर संध्या मॅडम पेशंट तपासत होत्या. मी दाराशी थांबले. काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते. हवेचा प्रश्न आहे म्हणावं, गॅस असेल म्हणावं. कोणत्याही शहाण्या माणसाला पटेल असं काहीतरी. तेवढ्यात माझं लक्ष बाकावर ठेवलेल्या घोंगडीकडं गेलं. मंजुळाबाईंची घोंगडी.

“आजी कुठं आहेत?” मी तिथल्या नर्सला विचारलं.

“परत फोटोला आलेत ना त्या. आत्ताच लेक खाली घेऊन गेला.”

६

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. एवढ्या लांबून आलेल्या म्हातारीला माघारी पाठवणं राजकुमारच्या जिवावर आलं होतं. एकच फोटो, लगेच बाहेर, असं त्यांनी ठरवलं असणार. अजिनाथ बोळात उभा होता. काचेतून मला मंजुळाबाईंची पाठ दिसली. त्या चवड्यांवर उभ्या होत्या. मान एवढी मागं टाकलेली की तोंड छताकडं वळलं होतं. हात बाजूला फडफडत होते.

“धरा,” राजकुमार माइकवर म्हणत होते. त्यांची नजर मॉनिटरवर होती.

मी दार ढकललं. ते नेहमीपेक्षा जड होतं. सगळा भार टाकला तेव्हा आत शिरण्यापुरतं सरकलं. मी मंजुळाबाईंना कमरेत धरून स्टँडपासून ओढलं. माझ्यामागं दार आपोआप बंद झालं. त्याच वेळी मशीनचा खटका वाजला. राजकुमारचं बोट आधीच बटणावर होतं.

मी दाराकडं वळले. मूठ धरून ओढली. दार हललं नाही. भिंतीत चिणल्यासारखं घट्ट बसलं होतं.

“राजकुमार! बाहेरून ढकला!”

त्यांचा आवाज शिशामागून बारीक आला. “हलंना मॅडम! कुनी तरी आतून टेकल्यावानी झालंय!”

मंजुळाबाईंचे ओठ निळे पडायला लागले होते. देह मुळातच वाळका, पण उचलताना तेवढाही जड लागला नाही. हलका, फारच हलका झाला होता. त्यांना टेबलावर उभं केलं. डोकं वर गेलं तसा त्यांनी घशातून आवाज काढत श्वास ओढला. मग मला जाणवलं की मीही हनुवटी उचलून धरली आहे. एसीचा आवाज येत-जात होता. हनुवटी थोडी खाली आली की दूर जायचा. मी टेबलावर चढले. आमची दोघींची डोकी छताला लागली.

ते चढत होतं. दिसत काहीच नव्हतं. फक्त एवढंच, की आधी वाकल्यावर कोंडायचा तो श्वास आता नुसती मान खाली केली तरी कोंडत होता.

“घाबरू नका आजी,” मी म्हटलं. मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

“म्या नाय घाबरत,” मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. “तिकडं बघू नगं बाई.”

“कुठं?”

त्यांनी मान फिरवली. डोळे मिटून घेतले होते.

मी बघितलं. आधी स्टँडकडं. तिथं कोणी नव्हतं. मग काचेकडं. दार ढकलायला धावताना राजकुमारचा धक्का लागला असावा, मॉनिटर माझ्या बाजूला वळला होता आणि मघाचा फोटो त्यावर उघडलेला होता.

फोटो पांढरा होता, वरपर्यंत. आणि त्या पांढऱ्यात मधोमध एक छाती होती. अरुंद, नाजूक बरगड्यांची. हनुवटी वर घेतलेली, खांदे पुढं केलेले, सांगितलं होतं तसेच. दोन्ही फुप्फुसं काळीभोर, खालचे कोपरे धारदार. एवढा स्वच्छ फोटो मी क्वचित बघितला असेल. कोणीतरी भरपूर श्वास घेऊन तो नीट धरून ठेवला होता.

मंजुळाबाईच असतील, असं मी स्वतःला म्हटलं. त्याच उभ्या होत्या तिथं. पण खटका वाजला तेव्हा त्या माझ्या मिठीत होत्या.

दाराला बाहेरून दणका बसला. अजिनाथ आणि राजकुमार दोघं मिळून खांदा लावत होते. तिसऱ्या की चौथ्या दणक्याला दाराची फट पडली, आणि माझ्या कानातले दडे एकदम सुटले. एसीची घरघर मोठ्यानं आली. दार सताड उघडलं. बोळात काही वाहिलं नाही, काही ओलं झालं नाही. पण अजिनाथ भिंतीवर आदळला, आणि पुढं असलेले राजकुमार पाय निसटून उताणे पडले. फरशीवरून बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, जिन्याकडं घसरत गेले. तोंड उघडं होतं. ते उघडंच राहिलं.

७

मंजुळाबाईंना अजिनाथनं खांद्यावर घालून वर नेलं. राजकुमारना मी आणि वॉर्डबॉयनी ओढत आणलं. मंजुळाबाई पाच मिनिटांत उठून बसल्या आणि घोंगडी मागू लागल्या. त्या आता वस्तीवर असतात. त्यांचा खोकलाही गेला, असं अजिनाथ फोनवर सांगतो.

राजकुमारना वर आणलं आणि त्यांचा श्वास अडकला. ऑक्सिजन लावला. काही फरक नाही. छाती भात्यासारखी हलत होती, नाडी पळत होती, चेहरा काळवंडत चालला होता.

“हवा जातेय आत,” संध्या मॅडम छाती ऐकत म्हणाल्या. “दोन्हीकडं चांगली जातेय. मग होतंय काय या माणसाला?”

राजकुमार हातानं जिना दाखवत होते. आम्ही त्यांना दाबून धरलं. त्यांनी मास्क काढून फेकला, आमच्या हातांतून सुटले आणि बसल्या-बसल्या पायऱ्या घसरत खाली गेले. बोळात पोचल्यावर भिंतीला टेकले. एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. बघता-बघता चेहऱ्यावर रंग आला.

“हितं बरं वाटतंय,” ते म्हणाले.

त्यानंतर दोनदा त्यांना हलवायचा प्रयत्न झाला. अ‍ॅम्ब्युलन्स दवाखान्याच्या फाटकातूनच परत आणावी लागली, नाहीतर ते गेले असते. मोठमोठे डॉक्टर येऊन गेले. जिन्यावर उभं राहून प्रत्येकानं वेगळं नाव सांगितलं. खाली फार वेळ कोणी थांबलं नाही. एकदा वर आणलं तेव्हा बाहेरून मागवलेल्या फिरत्या मशीनवर त्यांच्या छातीचा फोटो काढला होता. तो वाचायला माझ्याकडं आला. मी तो उघडला नाही, संध्या मॅडमना वाचायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “नॉर्मल आहे. अगदी पुस्तकातल्यासारखा.”

बोळात त्यांच्यासाठी खाट टाकली. खोलीचं दार काढून टाकलं. त्यांची बायको रत्नमालाबाई रोज डबा घेऊन येतात. आधी त्या खाली जाऊन बसायच्या. पण तिथं बसलं की त्यांना ठसका लागतो, म्हणून आता वरच्या पायरीवर बसतात आणि डबा दोरीनं सोडतात. मीही रोज दुपारी जाते. नोकरी मी सोडली आहे, पण जायचं सोडता येत नाही. वरच्या पायरीवर बसायचं, खालून त्यांचा आवाज ऐकायचा आणि उठून यायचं.

एकदा बोलता-बोलता ते मागं वळले आणि खोलीकडं बघून हळूच म्हणाले, “थांब जरा.”

“कोणाशी बोलताय?”

“कुनाशी नाय मॅडम,” ते म्हणाले, आणि बोलणं दुसरीकडं नेलं.

८

काल गेले तर रत्नमालाबाई दारातच भेटल्या. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“मॅडम, चला तर! बघा किती वर आलेत ते. आधी तळाच्या पायरीवर पाय ठेवला की घुसमटायचे. मग दोन पायऱ्या, मग तीन. आज पार वळणापर्यंत आलेत बघा. दम लागत नाय.”

जिन्याला मध्ये वळण आहे. राजकुमार तिथं कठड्याला हात लावून उभे होते. चेहरा टवटवीत दिसत होता. मी पायरीवर बसणार होते. बसले नाही, कठडा धरून उभीच राहिले.

“बरं होतंय ना मॅडम त्यांना?” रत्नमालाबाई म्हणाल्या. “रोज थोडं-थोडं वर. पावसाच्या आत घरी येतील.”

आमच्यामागं ओपीडी भरलेली होती. लसीकरणाचा दिवस होता. बाकांवर जागा नव्हती, म्हणून बाया फरशीवर बसल्या होत्या आणि एक रांगतं लेकरू जिन्याच्या दिशेनं येत होतं. मी जाऊन त्याला उचलून त्याच्या आईकडं दिलं. परत आले तेव्हा रत्नमालाबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आनंदानं. खोलीतलं ते आता जिना चढतंय, हे त्यांना सांगितलं असतं तरी त्यांनी ते का ऐकावं?

“रडती कशाला?” राजकुमार खालून म्हणाले. वळणावर ते एकटेच उभे होते. “अजून थोड्याच पायऱ्या राहिल्यात. मग वर येतोच की आमी.”